आधी सांगून केलेला स्पर्श

शरीर पूर्ण थांबलेले आणि मन पूर्ण जागे, अशी अवस्था गुलेन बॅरी सिंड्रोममध्ये येऊ शकते. या आजारात आपलीच रोगप्रतिकारशक्ती मेंदू आणि मज्जारज्जू यांच्या बाहेर पसरलेल्या नसांवर उलटते आणि बहुतेक वेळा त्यांच्यावरचे मायलिन नावाचे आवरण नष्ट करू लागते. आधी जुलाब किंवा सर्दी-खोकल्यासारखा एखादा संसर्ग होऊन गेलेला असतो, माणूस त्यातून बरा होऊन कामाला लागलेला असतो, आणि मग काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी पायांत मुंग्या येतात, पाय जड होतात आणि अशक्तपणा खालून वर चढू लागतो. पहिले महायुद्ध चालू असताना, १९१६ साली, जॉर्ज गियाँ, जाँ-अलेक्झांद्र बारे आणि आंद्रे स्ट्रोल या फ्रेंच डॉक्टरांनी दोन सैनिकांमध्ये आढळलेल्या अशा आजाराचे वर्णन केले. त्यांतल्या स्ट्रोल यांचे नाव पुढे आजाराच्या नावातून गळून गेले. अतिदक्षता विभागातली परिचारिका म्हणून मी या आजाराचे रुग्ण सांभाळले होते. पुढे तो मलाच झाला, आणि ज्या कामात माझी उमेदीची वर्षे गेली ते काम दुसऱ्यांच्या हातांनी माझ्या शरीरावर होत असताना मी ते आतून पाहिले.

रुग्णाशी नाते जोडणे ही कामाच्या पलीकडची गोष्ट आहे, औषधे देऊन झाली, चार्ट भरून झाला आणि थोडा वेळ उरला की मग करायची आहे, अशी समजूत आमच्या व्यवसायात आणि व्यवसायाबाहेरही खोल रुजलेली आहे. चार गोड शब्द, हसरा चेहरा, जमल्यास खाटेशेजारी दोन मिनिटे बसणे, एवढ्यात ते नाते संपते असे मानले जाते. माझा अनुभव याच्या अगदी विरुद्ध आहे. नाते कामाच्या आत असते. कूस बदलताना, तोंड पुसताना, नळीतला कफ ओढून घेताना ते जुळते किंवा तुटते, आणि कामातून ते वगळले की उरलेले कामही कमी प्रतीचे होते.

मी दाखल झाले तेव्हा अजून चालत होते, पण खुर्चीतून उठताना दोन्ही हातांचा जोर लावावा लागत होता. संध्याकाळच्या पाळीला आलेल्या सिस्टरांनी रक्तदाब आणि ऑक्सिजन पाहून झाल्यावर माझ्यासमोर खुर्ची ओढली, माझ्या डोळ्यांच्या पातळीवर बसल्या आणि म्हणाल्या, "ताई, एक दीर्घ श्वास घ्या आणि त्या एका श्वासात मोठ्याने आकडे मोजा." मी तिशीपर्यंत पोहोचले. त्यांनी तो आकडा लिहून ठेवला आणि दर तासाला पुन्हा येऊन मोजायला लावले. ही साधी चाचणी का करतात ते मला माहीत होते. या आजारात श्वासाचे स्नायू हळूहळू थकतात, पण बोटाला लावलेल्या यंत्रावर ऑक्सिजनचा आकडा बराच काळ चांगलाच दिसत राहतो. तो घसरतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. म्हणून पाहायची असते ती श्वासाची ताकद. एका श्वासात साधारण विसाच्या पुढे मोजता येत नसेल, तर सावध व्हायला हवे. रात्र वाढत गेली तसा माझा आकडा बाविसावर आला, मग सतरावर. पण सिस्टरांनी डॉक्टरांना बोलावले ते केवळ आकड्यामुळे नाही. माझा आवाज नाकात येऊ लागला आहे आणि दोन वाक्यांच्या मध्ये मी लाळ गिळायला थांबते आहे, हे त्यांच्या लक्षात आले होते. संध्याकाळपासून माझ्याशी बोललेल्या माणसालाच हा फरक कळणे शक्य होते.

त्यामुळे माझ्या श्वासनलिकेत नळी घालण्याची वेळ धावपळीत आली नाही. ती आधी ठरवून आली, आणि मधल्या वेळात त्या सिस्टरांनी आणखी एक गोष्ट केली, जिचे मोल मला पुढे फार दिवस जाणवत राहिले. त्या म्हणाल्या, "नळी घातली की तुम्हाला बोलता येणार नाही. हातही हलणार नाहीत कदाचित. 'हो' म्हणायचे असेल तर वर बघा, 'नाही' असेल तर खाली. आत्ता एकदा करून दाखवा." मी वर पाहिले. आवाज जाण्याच्या आधी, तो गेल्यावर लागणारी भाषा त्यांनी माझ्याबरोबर ठरवून ठेवली होती. हे त्यांचे कौशल्य म्हणायचे की माया, असा प्रश्न मला तेव्हाही पडला नाही आणि आजही पडत नाही, कारण त्या रात्री ही दोन्ही एकाच कृतीत होती आणि त्यांना वेगळे करण्याचा कोणताही प्रयत्न कृत्रिम ठरला असता.

नंतरचे आठवडे मी हातांच्या आधाराने जगले. चेहऱ्याचे स्नायू लुळे पडल्यामुळे पापण्या पूर्ण मिटत नव्हत्या. बुबुळ कोरडे पडून जखम होऊ नये म्हणून डोळ्यांत मलम घालून रात्री पापण्यांवर चिकटपट्टी लावत. मग अंधारात फक्त आवाज आणि स्पर्श उरत. स्नायू हलत नसले तरी संवेदना गेलेली नव्हती, उलट ती विपरीत तीव्र झाली होती. या आजारात वेदना फार असतात, हे बाहेरून पाहणाऱ्याला पटत नाही, कारण निश्चल माणूस शांत दिसतो. चादरीची घडी पाठीखाली आली तर ती दोन तास टोचत राही. पाऊल थोडे वाकडे टेकले तर पोटरीपर्यंत कळ जाई. आणि कान. मानेखाली उशी सारून मला कुशीवर वळवले की कधी कधी कानाची पाळी दुमडून डोक्याच्या वजनाखाली दाबली जाई, आणि पुढची कूस बदलेपर्यंत जगात दुसरे काही शिल्लकच नसल्यासारखी वेदना तिथे जमा होई. एका तरुण सिस्टरने अक्षरांचा तक्ता घेऊन, ओळीमागून ओळ बोट फिरवत, माझ्या डोळ्यांच्या वर-खाली होण्यावरून 'कान' हा शब्द काढून घेतला. त्याला बराच वेळ लागला आणि तिला इतर रुग्णही होते. पण तिने तो शब्द खाटेच्या डोक्याशी मोठ्या अक्षरांत लिहून लावला, आणि त्यानंतर जी कोणी मला वळवायला येई ती कुशीवर ठेवून झाले की कानामागून एक बोट फिरवून खात्री करून घेई.

दर दोन तासांनी कूस बदलणे हे परिचर्येतले सर्वांत जुने आणि सर्वांत कंटाळवाणे मानले जाणारे काम. माकडहाड, टाचा, खुबे, कोपर अशा ज्या ठिकाणी हाड त्वचेच्या जवळ असते, तिथे सतत दाब राहिला तर रक्तपुरवठा तुटतो, त्वचा मरते आणि बेडसोअर होतो. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला वळवायला किमान दोघी लागतात. एक डोक्याशी उभी राहून नळी सांभाळते. हे काम माझ्यावर दोन प्रकारे झाले. काही जणी आल्या, त्यांनी पत्रक पाहिले, सुट्ट्यांबद्दल आपसांत बोलत एक-दोन-तीन म्हणून मला वळवले आणि गेल्या. त्यात तांत्रिक चूक काही नव्हती. काही जणी म्हणत, "ताई, आता तुम्हाला डाव्या कुशीवर घेते आहे. नळी माझ्या हातात आहे, ती ओढली जाणार नाही. गुडघा आधी वाकवते." दोन्ही वेळा लागणारा वेळ सारखाच होता. पण पहिल्या वेळी शरीर उचलून नेले जात होते आणि दुसऱ्या वेळी मी त्या हालचालीत सामील होत होते, जरी माझे एक बोटही हलत नव्हते. सक्शनच्या वेळी हा फरक आणखी जाणवे. नळीतून कफ ओढताना श्वास अडतो, गुदमरल्याची भावना होते, आणि या आजारात हृदयाचे ठोके, रक्तदाब आपोआप सांभाळणारी स्वायत्त मज्जासंस्था बिघडलेली असल्यामुळे हृदयाचे ठोके अचानक मंद होण्याचा धोका असतो. म्हणून एकदा आत घातलेली कफ ओढण्याची बारीक नळी दहा-पंधरा सेकंदांत बाहेर काढायची, असा दंडक आहे. एक सिस्टर ते सेकंद मोठ्याने मोजत असत. नियम पाळण्यासाठी त्या मनातल्या मनात मोजू शकल्या असत्या; मोठ्याने मोजल्यामुळे मला शेवट कुठे आहे हे कळत होते. ज्या यातनेचा शेवट ठाऊक आहे ती सहन करण्याची शक्ती माणसात असते.

आपले नाव सांगणे ही तर याहूनही साधी गोष्ट. केट ग्रेंजर या इंग्लंडमधल्या डॉक्टर, वृद्धांच्या आजारांवर काम करणाऱ्या. त्यांना बरा न होणारा कर्करोग झाला, आणि २०१३ साली रुग्णालयात असताना त्यांच्या लक्षात आले की आपल्या शरीराला हात लावणाऱ्यांपैकी अनेक जण स्वतःचे नावच सांगत नाहीत. त्यांनी आपल्या नावाने ओळख करून देण्याची मोहीम सुरू केली, आणि २०१६ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत ती इंग्लंडबाहेरच्या रुग्णालयांतही पोहोचली होती. एवढ्या लहान गोष्टीसाठी मोहीम कशाला, असे निरोगी माणसाला वाटू शकते. डोळ्यांवर पट्टी असताना एखादा अनोळखी हात छातीवर टेकतो तेव्हा ती गोष्ट लहान राहत नाही.

फ्लॉरेन्स नाईटिंगेल यांची जी प्रतिमा जगाने जपली ती दिवा हातात घेऊन सैनिकांच्या रांगांमधून फिरणाऱ्या तरुणीची आहे. १८५४ साली त्या स्कुतारीच्या लष्करी रुग्णालयात पोहोचल्या हे खरे, पण १८५५ मध्ये क्रिमियात त्या स्वतः तापाने मरणाच्या दारात जाऊन आल्या, आणि इंग्लंडला परतल्यानंतर पुढची अनेक वर्षे त्यांची प्रकृती खालावलेलीच राहिली. तो आजार ब्रुसेलोसिस, म्हणजे जनावरांपासून होणारा एक जिवाणूसंसर्ग असावा, असे आजचे अनेक अभ्यासक मानतात. लष्करी आरोग्याच्या सुधारणा, आकडेवारीचे अहवाल, १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात सुरू झालेले परिचारिका-प्रशिक्षण, यांतले पुष्कळसे काम त्यांनी खोलीत, बहुधा अंथरुणावरूनच, पत्रांद्वारे चालवले. या काळातले त्यांचे लेखन वाचताना मला सतत जाणवते की हे रुग्णाने लिहिलेले आहे. त्या सांगतात, रुग्णाच्या खोलीत दाराशी उभे राहून कुजबुजणे क्रूर आहे, कारण त्याला ते आपल्याबद्दलच असल्यासारखे वाटते आणि कान ताणून ऐकावे लागते. त्याच्याशी बोलायचे तर त्याला मान वळवावी लागणार नाही अशा जागी बसावे. त्याच्या खाटेला टेकू नये, धक्का देऊ नये. अनिश्चितता, वाट पाहणे आणि अचानक काही घडेल ही भीती त्याला श्रमापेक्षा जास्त दमवते. असे बारकावे केवळ उभ्याने रुग्ण पाहून सुचणे अवघड आहे. दिव्याच्या चित्रात ही दुसरी नाईटिंगेल दिसत नाही, आणि मला वाटते आमच्या प्रशिक्षणात तिचीच ओळख आधी करून द्यायला हवी.

सिसिली सॉन्डर्स यांची कथाही अशीच एका मोडलेल्या वाटेवरून पुढे जाते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांनी परिचारिकेचे शिक्षण घेतले, पण पाठीच्या दुखण्यामुळे हे काम सोडावे लागले. मग त्या रुग्णालयात समाजसेविका झाल्या. १९४७ साली त्यांची डेव्हिड टास्मा या पोलंडहून आलेल्या ज्यू निर्वासिताशी गाठ पडली. तो कर्करोगाने मरणपंथाला लागला होता आणि परक्या शहरात एकटा होता. त्याच्या शेवटच्या आठवड्यांत त्या त्याला भेटत राहिल्या, आणि मरणाऱ्या माणसांना वेदनामुक्त व एकाकी न होता राहता येईल अशी जागा कशी असावी, यावर दोघे बोलत राहिले. जाताना त्याने पाचशे पौंड ठेवले, त्यांच्या त्या होऊ घातलेल्या घरातली एक खिडकी होण्यासाठी. पुढे सॉन्डर्स यांनी वैद्यकीय शिक्षण घेतले, १९५७ साली डॉक्टर झाल्या, आणि १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उघडले. शरीराची वेदना, मनाची घालमेल, घरच्यांची व पैशांची काळजी आणि आपल्या असण्याच्या अर्थाबद्दलचे प्रश्न हे सगळे मिळून रुग्णाची एकच संपूर्ण वेदना बनते, ही त्यांची मांडणी. ही मांडणी ज्या माणसामुळे सुरू झाली त्याच्यापुढे त्या उपचार घेऊन गेल्या नव्हत्या. त्याच्याजवळ बसून ऐकत होत्या. पण मला तितकेच महत्त्वाचे वाटते ते हे की ऐकण्यावर त्या थांबल्या नाहीत. मॉर्फिन दुखणे उसळण्याची वाट न पाहता नियमित वेळेला कसे द्यावे याचा त्यांनी कसून अभ्यास केला. ऐकणारीने औषधही नीट द्यायला हवे. वेदनेने तळमळणाऱ्या माणसाचा हात धरून बसणे पुरेसे नसते.

हात धरण्याचेही महत्त्व कमी नाही. २००६ साली जेम्स कोअन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विवाहित स्त्रियांना मेंदूच्या एमआरआय यंत्रात झोपवून, विजेचा सौम्य धक्का बसण्याची शक्यता आहे असे सांगितले. पतीचा हात हातात असताना धोक्याला प्रतिसाद देणाऱ्या मेंदूच्या भागांतली हालचाल सर्वाधिक कमी झाली. अनोळखी माणसाच्या हातानेही ती काही प्रमाणात कमी झाली. हा दुसरा निष्कर्ष माझ्या व्यवसायाच्या दृष्टीने मोलाचा आहे, कारण आम्ही नेहमी अनोळखी माणसेच असतो.

मग सगळ्याच परिचारिका सांगून स्पर्श का करत नाहीत? त्यांच्यात माया कमी असते, असे रुग्णाचे नातेवाईक रागाने म्हणतात. मला हे उत्तर अन्यायाचे वाटते. इझाबेल मेन्झीस या मनोविश्लेषक अभ्यासिकेने १९६० साली लंडनच्या एका शिक्षण-रुग्णालयातल्या परिचर्येचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिथे रुग्ण कामांमध्ये वाटला गेला होता: एकीने सगळ्यांचे तापमान घ्यायचे, दुसरीने सगळ्यांना बेडपॅन द्यायचे, कोणीही एका माणसाजवळ फार वेळ राहायचे नाही. रुग्णांचा उल्लेख 'दहाव्या खाटेवरचे यकृत' अशा तऱ्हेने होत असे. मेन्झीस यांचे म्हणणे असे की ही व्यवस्था निष्काळजीपणातून आलेली नव्हती. मृत्यू, घाण, वेदना, परक्या शरीराची जवळीक यांतून परिचारिकेच्या मनात जी तीव्र अस्वस्थता उठते, तिच्यापासून वाचण्यासाठी सगळ्या संस्थेने मिळून ती उभारली होती. आणि तिने कोणीही वाचत नव्हते. रुग्णाशी ओळख नसल्यामुळे कामातले समाधान हरवत होते, आणि शिकणाऱ्या मुलींपैकी पुष्कळ जणी, त्यांतही चांगल्या मुली, शिक्षण अर्धवट सोडून जात होत्या. तो अभ्यास जुना असला तरी त्यातले रुग्णालय मला ओळखीचे वाटते. आज खाट क्रमांकाच्या जागी कधी संगणकाचा पडदा असतो, एवढाच फरक.

कामावर परत आल्यावर मला अनेकांनी सांगितले की आता तू अधिक चांगली परिचारिका होशील, कारण तू स्वतः भोगले आहेस. सांगणाऱ्यांचा हेतू प्रेमाचा होता, तरी हे म्हणणे मला स्वीकारता आलेले नाही. दुःखाने माणूस आपोआप शहाणा किंवा कनवाळू होत नाही. मी व्हेंटिलेटरवरून सुटले, मग आधी मान, मग खांदे, मग हात, असे शरीर वरून खाली हळूहळू परत मिळत गेले. पायांतली शक्ती मात्र पूर्ण परतली नाही आणि दिवस कलला की असा थकवा येतो जो झोपेने जात नाही. या आजारातून उठलेल्या अनेकांना असा थकवा वर्षानुवर्षे राहतो. परतल्यावर पहिल्यांदा सक्शनचा आवाज ऐकला तेव्हा माझा घसा आवळला गेला. भोगल्यामुळे कधी कधी रुग्णापासून लांब पळावेसे वाटते, आणि ते स्वाभाविक आहे. माझ्या एका ज्येष्ठ सहकारिणीचा तरुण मुलगा अपघातात गेला. त्यानंतर अपघात विभागात स्ट्रेचर येताना दिसले की त्यांचे हात कापत. आमच्या इन्चार्ज सिस्टरांनी कोणालाही काही न सांगता त्यांची ड्यूटी बाळंतिणींच्या विभागात लावली, आणि पुढे कितीतरी महिने रोज पाळी संपल्यावर त्यांना विचारले, "आज कसे गेले?" त्या बाईंना सावरले ते दुःखाच्या शिकवणुकीने नाही; त्यांच्या दुःखाची दखल घेऊन कामाची आखणी बदलणाऱ्या एका वरिष्ठ बाईंनी. रुग्णाच्या वेदना वर्षानुवर्षे अंगावर घेतल्यामुळे येणाऱ्या करुणेच्या थकव्याबद्दल परिचर्येच्या नियतकालिकांत १९९२ पासून लिहिले जात आहे, पण ते लेखन बहुधा परिचारिकेला स्वतःची काळजी घ्यायला सांगून थांबते. कोणाची ड्यूटी कुठे लावायची हे तिच्या हातात नसते.

मी भोगले त्यातून जे मिळाले ते वेदनेतून मिळाले नाही, ते माझी वेदना ज्यांनी नीट हाताळली त्यांच्याकडून मिळाले. रात्री आकडे मोजायला लावणाऱ्या सिस्टरांकडून, 'कान' हा शब्द शोधून काढणाऱ्या मुलीकडून. जिच्या वाट्याला फक्त आजार आला असेल आणि असे हात आले नसतील, तिच्याकडून त्याच आजाराच्या बळावर करुणेची अपेक्षा करणे मला कठोरपणाचे वाटते.

आता मी उभ्याने फार वेळ काम करू शकत नाही, म्हणून माझ्याकडे नव्या परिचारिकांना शिकवण्याचे काम अधिक असते. त्यांना मी एक गोष्ट करायला लावते. एकीने खाटेवर डोळे मिटून, अंग सैल सोडून पडायचे, काही बोलायचे नाही. दोघींनी तिला आधी न सांगता वळवायचे, मग सांगून वळवायचे. उठल्यावर त्या मुली जे सांगतात ते मी शब्दांत कधीच इतके चांगले शिकवू शकले नसते. एक जण म्हणाली की पहिल्या वेळी तिने नकळत श्वास रोखून धरला होता. मग मी त्यांना एका श्वासात मोजण्याची चाचणी शिकवते, नळी सांभाळण्याची पकड शिकवते, कान तपासायला शिकवते, आणि ओव्हर देताना, म्हणजे पाळी संपताना पुढच्या परिचारिकेला रुग्ण सोपवताना, रक्तदाब व औषधांच्या बरोबरीने तीन गोष्टी सांगितल्याच पाहिजेत असा आग्रह धरते: या माणसाला काय म्हणून हाक मारलेली आवडते, तो 'हो' कसे म्हणतो, आणि त्याला कशाची भीती वाटते. आमच्या विभागाच्या ओव्हरच्या कागदावर आता या तिन्हींसाठी रकाने छापलेले आहेत. ते छापून घ्यायला खूप पाठपुरावा करावा लागला, कारण कागदावर जागा नाही असे उत्तर मिळत होते.

परंतु रकाना असून भागत नाही, तो भरणाऱ्या माणसाला श्वास घ्यायला सवड लागते. लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास करून २००२ साली दाखवले की एका परिचारिकेच्या वाट्याला येणारा प्रत्येक जादा रुग्ण, शस्त्रक्रियेनंतर तीस दिवसांत मृत्यू येण्याच्या सात टक्के वाढलेल्या शक्यतेशी निगडित होता. असे का होते, याचा माझ्या मनातला अर्थ अगदी ठोस आहे. आवाज नाकात येऊ लागला आहे हे ऐकू येण्यासाठी आधीचा आवाज ऐकलेला असावा लागतो, आणि तो ऐकायला लागणारी पाच मिनिटे दुप्पट रुग्ण असलेल्या पाळीत सर्वांत आधी जातात. त्या रात्री माझ्या सिस्टरांकडे आणखी चार रुग्ण असते तर त्यांनी माझा ऑक्सिजनचा आकडा पाहिला असता, तो चांगला होता, आणि त्या पुढच्या खाटेकडे गेल्या असत्या. त्यांना कोणी दोषही देऊ शकले नसते.

रुग्ण जास्त आणि हात कमी अशी रात्र आली तर काय करायचे, असे नव्या मुली विचारतात तेव्हा मी त्यांना आदर्श सांगत नाही. चादरीचे कोपरे नीट दुमडलेले नसले तरी चालतील. स्पंजिंग सकाळपर्यंत थांबू शकते. एकदा चार्टवर लिहिलेली माहिती दुसऱ्या वहीत उतरवणे तर थांबलेच पाहिजे. औषधाची वेळ, कूस बदलणे आणि श्वासाकडे लक्ष थांबू शकत नाही. आणि हात लावण्याआधी सांगणे थांबवण्याचे कारणच नाही, कारण त्याला वेगळा वेळ लागत नाही. हात कामात असतानाच तोंडाने ते होते. सकाळी पाळी संपताना, त्या रात्री किती रुग्णांमागे किती जणी होत्या, कोणती कामे राहून गेली आणि ती कोणत्या रुग्णांची होती, हे नाव आणि वेळ घालून लिहायचे, त्याची एक प्रत स्वतःजवळ ठेवायची आणि दुसरी मेट्रनच्या कार्यालयात द्यायची. पोच घेतल्याशिवाय द्यायची नाही. सुरुवातीला मी एकटीच असे कागद देत होते. आता आमच्या विभागातल्या बहुतेक जणी देतात, आणि गेल्या बदल्यांच्या वेळी आमच्या रात्रपाळीला एक परिचारिका वाढवून मिळाली. आणखी दोघींची गरज आहे, आणि त्यासाठीचे कागद देणे चालू आहे.